शाळिग्रामाचें माहेर

देवघरांतील शाळिग्रामास आपण नित्य स्नान घालतों, तुळशीपत्र वाहतों. परंतु तो कोठून आला, याचा विचार क्वचितच करितों. त्याचें माहेर नेपाळांत, काळी गंडकीच्या खोऱ्यांत आहे.

पोखऱ्याहून जोमसोमची वाट धवलगिरी व अन्नपूर्णा या ८,००० मीटरांहून उंच शिखरांच्या मधून जाते. पुढें कागबेनी, आणि तेथून चढून गेल्यावर सुमारें ३,८०० मीटर उंचीवर मुक्तिनाथ. डोंगर उघडेबोडके, दोन प्रहरीं वारा असा सुटतो कीं पाऊल ठरत नाहीं. म्हणून यात्रेकरूनें सकाळींच चालून घ्यावें. नदीच्या वाळवंटांत काळे, गुळगुळीत गोटे सांपडतात. त्यांतील कांहींच्या पोटांत चक्र असतें.

वज्रकीट शिळा कोरून हें चक्र करितो, अशी आपली जुनी समजूत. भूगर्भशास्त्र म्हणतें कीं, हें चक्र म्हणजे अमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याचें कवच होय. सुमारें १५ कोटी वर्षांपूर्वी येथें टेथिस समुद्र होता. मेलेल्या प्राण्याचें कवच तळच्या काळ्या चिखलांत रुतलें, भोंवतीं क्षार जमून कठीण गोटा झाला आणि वरच्या थरांच्या भारानेंही आंतील आकृति चेपली नाहीं. कोठें सोनेरी झांक दिसते, ती लोह व गंधक यांच्या संयोगाची. पुढें भारतभूमि आशियाखंडास भिडली, समुद्रतळ उचलून हिमालय झाला, आणि आतां गंडकी तो खडक झिजवून गोटे मोकळे करीत आहे. असाच खडक हिमाचलांतील स्पितीच्या खोऱ्यांतही असल्यामुळें त्यास स्पिती शेल म्हणतात. स्टोलिच्का यानें १८६० नंतरच्या दशकांत तेथील थर अभ्यासले. ऊलिग याचा त्यांतील जीवावशेषांवरील ग्रंथ १९०३ ते १९१० या काळांत प्रसिद्ध झाला.

"आजोबा, हा देव कीं शिंपला?" असें घरांतील मुलें विचारतात. त्यांस दटावूं नये. शाळिग्राम कोणी घडविलेला नव्हे, म्हणूनच त्यास प्राणप्रतिष्ठा लागत नाहीं, असें परंपरा सांगते. आणि चक्र एका जीवानें केलें, हेंही तिनें मानिलेंच होतें. तो जीव कीडा नसून सागरवासी होता, एवढी दुरुस्ती आपण खुशाल स्वीकारावी. पूजा आटोपल्यावर मुलांच्या हातीं शाळिग्राम द्यावा, चक्राचे वेढे मोजूं द्यावे, आणि हा समुद्र हिमालयावर कसा चढला तें सांगावें. तीर्थ घेतांना मग त्यांचें लक्ष अधिकच लागेल.