झाकलेले ताट

वार्षिक अंकासाठी साहित्य मागवणारी सूचना फलकावर लागली, तेव्हा मैत्रिणींनी पहिला पाऊस, आजीची गोधडी, सहल असे विषय आपापसांत वाटून घेतले. मला विचारले तेव्हा 'बघू' म्हणून मी वेळ मारून नेली. लिहिण्याजोगे माझ्याजवळ एकच होते, आणि ते घरातले होते. घरातले बाहेर सांगायचे नाही, हे मी बोलायला शिकले तेव्हाच शिकले. तरी आज लिहिते आहे. आईला विचारून लिहिते आहे. नाव मात्र घालत नाही; त्याचे कारण पुढे येईल.

आमचे अण्णा मागावर आहेत. आपल्या गावात हे वेगळे सांगायला नको. वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील मागावरच आहेत. अण्णांचा हात चांगला. तुटलेला धागा ते बोलता बोलता जोडतात, असे जॉबरच सांगतो. आई कांड्या भरायला जाते. आणि अण्णा पितात. पूर्वी आठवड्याचा पगार झाला की पीत. पुढे पगाराची वाट बघण्याचीही गरज राहिली नाही.

सात वाजले की आईचे कान रस्त्याकडे लागत. सायकलच्या आवाजावरून आम्हांला कळे, अण्णा सायकलवर बसून आले की तिला धरून आले. धरून आले असतील तर धाकटा भाऊ पुस्तक मिटून झोपेचे सोंग घेई. आई मात्र जेवत नसे. त्यांचे ताट वाढून, वर दुसरे ताट झाकून ती भिंतीला टेकून बसे. दहा वाजोत, बारा वाजोत. तिच्यासोबत मीही उपाशी. पतीच्या आधी जेवू नये, ही तिच्या आईची शिकवण. पण खरे सांगायचे तर तिला भूकच लागत नसे.

आम्ही काय केले नाही? आईने मुलांच्या शपथा घातल्या. अण्णांना पंढरीला नेऊन गळ्यात माळ घालायला लावली. दोन महिन्यांत ती खुंटीवर गेली. कुणी दिलेली पूड भाजीतून घातली. मी बाटल्या शोधून मोरीत ओतल्या. आणि अण्णा सकाळी उठू शकले नाहीत, की मालकाला फोन करायचा, "अण्णांना ताप आहे." हे काम माझे. घरात शिकलेली मी एकटी, तेव्हा नीट खोटे बोलणेही माझ्याकडेच आले. पहिल्या वर्षी डब्यातले फीचे पैसे गेले, तेव्हाही मी वडील आजारी आहेत असेच सांगितले होते. त्या वेळी वाटले, खोटे बोलले. आज वाटते, तेवढे एकच वाक्य नकळत खरे निघाले.

गेल्या दिवाळीनंतर आईबरोबर काम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "शनिवारी माझ्यासंगं चल. नवऱ्याला आणू नको. तू चल." कुठला तरी देव असेल असे समजून आईने मला सोबतीला घेतले. एका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली काही माणसे होती. हा गट अल-ॲनॉनचा. पिणाऱ्याचा नव्हे, पिणाऱ्याच्या घरच्यांचा आणि मित्रांचा. फी नाही. एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचे. आडनाव सांगायचे नाही. एकेकाने बोलायचे, ते स्वतःविषयी. मधे कुणी बोलायचे नाही, सल्ला द्यायचा नाही. आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे. म्हणून दुसऱ्या कुणाचे काही मी इथे लिहिणार नाही. लेखाखाली माझे नाव नाही, तेही याचसाठी.

चहा झाल्यावर आईने विचारले, "पर त्यांची सुटंल कशी?"

"ते आमच्या हातात नाही," तिथल्या एक बाई म्हणाल्या. "तुम्ही रात्री किती वाजता जेवता?"

आईला उत्तर देता आले नाही. घरी येताना ती चिडली होती. "दारूचं इचारलं तर जेवणाचं सांगतीया," म्हणाली. मलाही राग आला होता. मी औषध मिळेल म्हणून गेले होते. पण पुढच्या शनिवारी सहा वाजता आईनेच चपला घातल्या.

ही मंडळी कोण, हे मी मग शोधून वाचले. अमेरिकेत 1935 साली ओहायोतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन दारुडे एकमेकांच्या आधाराने सावरले, त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभे राहिले. बिलची बायको लोइस. नवरा पीत होता त्या वर्षांत दुकानात नोकरी करून तिने घर चालवले. त्याची दारू सुटली, आता सुख यायला हवे. पण एके दिवशी 'चल, बैठकीला उशीर होतोय' म्हणताच तिने पायातला जोडा त्याच्या दिशेने भिरकावला. मग तिचे तिलाच आश्चर्य वाटले. तो बरा झाला, मग आपल्याला एवढा राग कशाचा? तिच्या ध्यानात आले की, इतकी वर्षे आपण त्याच्या दारूभोवतीच जगलो. ती गेली तर आपल्याजवळ आपले असे काही उरलेच नाही. अशा बायका ठिकठिकाणी एकत्र जमू लागल्या होत्याच. 1951 साली लोइसने एका मैत्रिणीच्या मदतीने त्या गटांना एकत्र जोडले. तेच अल-ॲनॉन. 1957 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 17 वर्षांच्या एका मुलाने आपल्या वयाच्यांसाठी वेगळा गट काढला. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केले. तिथे रुग्णांच्या बायकांचा 'सहचरी' हा गट आहे. कुठली अमेरिका आणि कुठली आमची गल्ली! पण तो जोडा माझ्या ओळखीचा निघाला. आमच्या घरात त्याऐवजी उलथने होते, एवढेच.

तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडते. ही दारू तू लावली नाहीस, तू थांबवू शकत नाहीस, तू बरी करू शकत नाहीस. याचा अर्थ हात वर करणे असा नाही. दारू हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. रोजचा पिणारा एकाएकी थांबला तर झटकेही येऊ शकतात. अंगावर हात पडला तर सोसत राहा, असेही तिथे कुणी म्हणत नाही. मुलांना घेऊन आधी सुरक्षित जागी जा, असेच म्हणतात. फक्त दुसऱ्याच्या आजाराचे ओझे आपण त्याच्या वतीने उचलू नये, इतकेच.

हे कळायला सोपे आहे. करायला किती अवघड, ते मला माघ महिन्यातल्या एका सकाळी कळले. अण्णा अंथरुणातूनच म्हणाले, "फोन लाव. ताप हाय म्हणून सांग."

मी म्हटले, "अण्णा, तुम्ही सांगा."

माझा आवाज कापत होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळवले. फोन झाला नाही. दोन दिवसांनी ते गेले, तेव्हा त्यांच्या मागांवर दुसरा माणूस उभा होता. नऊ दिवस घरात फक्त आईची मजुरी आली. भावाने सहलीचे पैसे मागितले नाहीत. ते नऊ दिवस मी स्वतःला शत्रूसारखी वाटत होते. एका खोट्या वाक्याने नोकरी वाचली असती, मग मी सत्यवादी कशाला झाले? शनिवारी मी हे पहिल्यांदा मोठ्याने बोलले. तू बरोबर केलेस असे कुणी म्हणाले नाही, चुकलीस असेही नाही. मावशींनी नुसता हात धरला. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. पण त्यानंतर मी तसा फोन केलेला नाही.

अण्णांना दुसऱ्या कारखान्यात काम मिळाले. त्यांची दारू सुटलेली नाही. लेखाचा शेवट गोड व्हावा असे मलाही वाटत होते, पण खोटे लिहिणार नाही. मध्यंतरी एकदा शुद्धीत असताना त्यांनी आईला विचारले, "तितं जाऊन माझ्याबद्दल काय सांगतीस?"

"तुमच्याबद्दल न्हाई सांगत," आई म्हणाली. "माझ्याबद्दल सांगते."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. आईला सांगण्यासारखे स्वतःचे काही असेल, हे त्यांना नवे असावे. मलाही ते नवेच होते.

आता आई आठ वाजता जेवते. पहिल्या रात्री तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आम्ही तिघे एकमेकांकडे न बघता जेवलो. आता भाऊ शाळेतल्या गमती सांगतो आणि आई हसते. अण्णांचे ताट आजही वाढलेले असते, वर झाकलेले असते. दाराला कडी नसते. आई झोपते. मी दिव्याखाली वाचत बसते, कारण परीक्षा माझी आहे.

रात्री कधीतरी सायकल येते. मी मान वर करत नाही. थोड्या वेळाने वरचे ताट बाजूला ठेवल्याचा आवाज होतो, आणि अण्णा आपले आपण गार भाकरी मोडून खातात.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असेच ताट झाकलेले असेल, तर त्याने एवढे करावे. आज आधी जेवून घ्यावे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला