भिलारला जाण्यापूर्वी ओवलेल्या सुया

इचलकरंजीत राहणाऱ्या माणसाला शांततेची सवय नसते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसविला. त्यानंतर मागांचा खडखडाट हाच गावाचा श्वास झाला. आमच्या गल्लीत रात्री वीज गेली आणि माग थांबले, की झोपलेली माणसे दचकून जागी होतात. १९८९ साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिले आठ दिवस मला त्या आवाजाने झोप नव्हती. नवव्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, माझ्या हातात सुई दिली आणि म्हणाल्या, "हात चालू ठेव, म्हणजे कान आपोआप गप्प बसतात."

घरचा व्यवसाय कापडाचा. पेढीवर नमुन्याचे तुकडे, ताग्यांची टोके, डाग पडलेले कटपीस असा बराच माल उरत असे. मामंजींचा दंडक असा, की पेढीवरून घरी आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद झाली पाहिजे, मग ती चिंधी का असेना. त्यामुळे जुन्या रोजकीर्दीत 'चिंधी, दोन किलो, घरी दिली' अशा नोंदी आजही सापडतात. किमतीच्या रकान्यात मात्र रेघ ओढलेली असे. त्या रेघेवर आमच्या घरातल्या सगळ्या वाकळी उभ्या आहेत.

वाकळ शिवणे हे काम दिसते तितके सोपे नाही. जुन्या सुती साड्या धुऊन, खळ पार काढून, एकीवर एक अंथरायच्या. रेशीम घ्यायचे नाही. ते थरांत सरकते. वर तुकडे मांडून टाचून घ्यायचे आणि मग काठापासून धावदोरा घालीत आत आत यायचे. उलट, मधून बाहेर गेले तर कापड काठाशी गोळा होते, हे मी दोन वाकळी बिघडवून शिकले. दुपारचे दोन तास धरले तर एका वाकळीला आम्हा दोघींना दीड-दोन महिने लागत.

आमच्या वाकळी इतरांपेक्षा जरा सावकाशच होत, कारण आम्ही दोघी एकाच वेळी कधी शिवलेच नाही. आक्कांना वाचनाचे वेड, मलाही. आपटे वाचन मंदिराची वर्गणी आक्का घरखर्चातून बाजूला काढीत. पण पुस्तक आणि सुई एका हातात मावत नाहीत. म्हणून एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने शिवायचे. सुईतला दोरा संपला की अदलाबदल. दोरा हातभर घ्यायचा हे ठरलेले. उत्कंठेच्या प्रसंगी आक्का लांब टाके घालीत, म्हणजे दोरा लवकर संपे आणि पुस्तक त्यांच्याकडे येई! ही लबाडी माझ्या ध्यानात यायला चार वर्षे लागली.

मामंजींच्या कीर्दीचे अनुकरण म्हणून मीही एक वही ठेवली. वाकळ कोणासाठी, कापड कोणते, आणि शिवताना कोणते पुस्तक वाचले, असे तीन रकाने. पुतण्याच्या बारशाच्या दुपट्यापुढे 'बनगरवाडी' आहे. आपल्याच जिल्ह्यातील आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' दोन वाकळींना पुरले. आणि १९९८च्या एका नोंदीपुढे 'स्मृतिचित्रे' असे लिहून त्याखाली 'अपुरे' असा शेरा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ते पुस्तक निम्मे झाले असताना मामंजी गेले. वाकळ पुढे पुरी केली, ती वर्षश्राद्धाच्या आत कोणाला तरी देऊनही टाकली; पुस्तक मात्र परत केले, ते पुन्हा घरात आणण्याचा धीर दोघींनाही झाला नाही.

साताऱ्याजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव झाल्याची बातमी ४ मे २०१७ नंतर वर्तमानपत्रात आली. आक्कांनी ती कापून वहीत ठेवली. "दोघी जाऊ. दोन दिवस फक्त वाचायचे," असे ठरले. जुलैत जीएसटी आला आणि पेढीवरची सारी घडी बदलली. मग एक लग्न, २०१९ चा पंचगंगेचा महापूर, पाठोपाठ कोरोना. व्यापारी कुटुंबातल्या बायकांचे बेत कसे पुढे ढकलले जातात, हे वाचकांना सांगायला नको. कोणी नाही म्हणत नाही. फक्त 'हा हंगाम जाऊ दे' म्हणतात.

तेवढ्यात आक्कांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत. पडद्याचा विकार आहे. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. अक्षर तर मधेच असते आणि सुईचे नेढेही. नातीने मोबाईलवर पुस्तके ऐकण्याची सोय करून दिली. आक्कांनी दोन दिवस ऐकले आणि बंद केले. "दोरा संपला तरी तो बाबा थांबतच नाही," म्हणाल्या. मी वाचून दाखवू लागले, तर म्हणाल्या, "मोकळ्या हातांनी ऐकलेले कानात राहत नाही गं." अर्धी झालेली वाकळ ट्रंकेवर घडी घालून ठेवली, ती चौदा महिने तशीच होती.

गेल्या मार्गशीर्षात, चातुर्मास संपून लग्नसराई सुरू होण्याआधी, मी विषय काढला. आक्का यायला तयार होईनात. "पुस्तकांच्या गावात मी काय पाहू? कपाटांचे खांदे?" त्या हसल्या, पण त्या हसण्याने मला पुढे बोलवेना. "तू जा. ते राहिलेले लक्ष्मीबाईंचे वाच आणि मला येऊन सांग." यांनी एवढेच विचारले, की वाचनालय घरापासून दहा मिनिटांवर असताना त्यासाठी गाडी काढून इतक्या लांब कशाला जायचे. व्यवहाराच्या दृष्टीने प्रश्न बिनतोड होता. उत्तर आक्कांनीच दिले, "घरी दार वाजते, भाऊजी."

तयारीला चार दिवस लागले. दोन दिवसांच्या प्रवासाला चार दिवस, याचे मलाही हसू येत होते. धपाटे, शेंगांची चटणी, पाणी गाळायला मलमलीचे नवे फडके, तेही हातानेच दुमडून शिवलेले. मुक्कामाच्या घरी फोन करून सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल ना, हे विचारून घेतले. कांदा-लसूण, बटाटा नको हेही सांगितले. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं, ताई. भाकरी-आमटी चालेल?" चष्मे दोन घेतले. पुस्तक न्यावे की न्यावे यावर बराच विचार झाला. पुस्तकांच्या गावी पुस्तक नेणे म्हणजे पेठेत जाताना घरून माल नेण्यासारखे. तरीही एक पातळसे पिशवीत सरकवलेच. वाटेत गाडी अडकली तर?

निघण्याच्या आदल्या रात्री मी सुया ओवायला बसले. एकवीस सुया. प्रत्येकीत हातभर दोरा, शेवटी गाठ. त्या एका उशीवर ओळीने टोचल्या आणि उशी ट्रंकेवर, वाकळीशेजारी ठेवली. कोणाकडे मागून घेणे आक्कांच्या स्वभावात नाही, हे मला ठाऊक होते. त्यांनी चाचपून पाहिले. "एवढ्या कशाला? मी आता काय शिवणार?" मी म्हटले, "शिवा असे मी कुठे म्हणते आहे? नुसत्या ठेवल्यात."

गाडी आक्कांच्या सूनबाई चालवीत होत्या. कऱ्हाड, सातारा मागे टाकून पाचवडला वळलो आणि वाईला कृष्णेच्या घाटावर शिदोरी सोडली. आमची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला ज्या कृष्णेला मिळते, तिच्याच उगमाकडे आपण चाललो आहोत, हे तिथे बसल्यावर जाणवले. वाई हे पुस्तकवेड्या माणसाने घाईने ओलांडावे असे गाव नव्हे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम इथेच उभे राहिले. पण दिवस लहान होता. शाहीर साबळ्यांच्या पसरणीवरून घाट चढून पाचगणीला आलो आणि तिथून थोड्याच वेळात भिलारला.

गाव डोंगरउतारावरचे, भोवती स्ट्रॉबेरीचे मळे. वेल्समधल्या हे-ऑन-वायची प्रेरणा घेऊन हा उपक्रम सुरू झाला. पण तिकडे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, इथे विक्री नाही. राज्य मराठी विकास संस्थेने सुरुवातीला २५ ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांतच, सुमारे १५ हजार पुस्तके ठेवली. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. भिंतींवर रंगवलेली चित्रे पाहून घर ओळखायचे, जोडे बाहेर काढायचे आणि आत जाऊन बसायचे. पैसे नाहीत, कोणी हटकत नाही. दुकानदाराच्या घरातील मला हेच प्रथम अवघड गेले. समोर एवढा माल, आणि भाव विचारायचा नाही!

चरित्रे-आत्मचरित्रांच्या घरात 'स्मृतिचित्रे' सापडले. खिडकीशी बसले. बाहेर एकही माग नाही. इतकी शांतता, की पान उलटल्याचा आवाज मोठा वाटावा. थोड्या वेळाने घरच्या बाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "काही हवं होतं का?" तेव्हा कळले, की मी मोठ्याने वाचत होते. वरमून गप्प झाले, तर वाचन पुढे सरेना. दर तीन-चार पानांनी आपोआप थांबत होते. दोरा संपल्यासारखे वाटे, पुस्तक पुढे करावेसे वाटे, आणि समोर कोणी नसे. शेवटी त्या बाईंनाच विचारले, मोठ्याने वाचले तर चालेल का. त्या तांदूळ निवडायचे सूप घेऊन उंबऱ्याशी बसल्या. सूनबाईही आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अशीच बैठक झाली. मामंजी गेले त्या दिवशी जिथे खूण घातली होती, तो प्रसंग आला तेव्हा माझा आवाज थोडा अडला. पण सूप चालू होते, म्हणून मीही पुढे गेले.

परतायची वेळ झाली तेव्हा शेवटचा भाग राहिला होता. तो भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही. त्यांच्या मागे त्यांच्या चिरंजीवांनी, देवदत्तांनी, तो पूर्ण केला. पुस्तक कपाटात जागेवर ठेवले. बाईंनी स्ट्रॉबेरीची एक पाटी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. माग चालू होते. आधी ट्रंकेकडे गेले. उशीवरच्या एकवीस सुयांपैकी सात ओवलेल्या होत्या, चौदा रिकाम्या. वाकळीवर दोन नवे फेर पडले होते. टाके मोठे, कुठे एकमेकांवर चढलेले, एका कोपऱ्यात ओळ काठ सोडून पार आत गेलेली. बोटाने काठ चाचपीत घातलेले ते टाके होते. मी ते उसवले नाहीत.

आक्का पलंगावर बसून होत्या. "कुठवर आले?" त्यांनी विचारले. मी रात्री बराच वेळ सांगत राहिले. शेवटचा भाग राहिल्याचे ऐकून त्या म्हणाल्या, "मग उद्या वाचन मंदिरातून आण." आणि थोडे थांबून, "येताना दोऱ्याची रीळही आण. पांढरी नको, ती मला मुळीच दिसत नाही. काळी आण."