आकड्याची माणसे

कॅसिनो हा शब्द कानी पडला की वाचकांच्या डोळ्यांसमोर माँटे कार्लोची झुंबरे तरी येतात, नाहीतर पणजीला मांडवी नदीत नांगरलेल्या रोषणाईच्या बोटी. आम्ही ज्या ठिकाणाविषयी लिहिणार आहोत त्याला झुंबर नव्हते आणि बोटही नव्हती. पुढे पान-तंबाखूची टपरी आणि मागे गोणपाटाचा आडपडदा, एवढेच त्याचे ऐश्वर्य. १९७९ ते १९९१ अशी बारा वर्षे आम्ही नोकरीनिमित्त भोरला होतो. आमच्या खोलीची खिडकी नेमकी त्या गोणपाटाच्या बाजूला उघडत असे. त्यामुळे इतर लोक संध्याकाळी रेडिओ ऐकत, तेव्हा आम्ही मटका ऐकत असू.

मटका म्हणजे काय हे जुन्या पिढीला सांगावयास नको. पण आता घरोघरी अशी मुले आहेत ज्यांना मटका म्हणजे कुल्फीचा वाटतो, म्हणून थोडे सांगतो. मुळात हा खेळ कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव ज्या आकड्यावर उघडे आणि ज्यावर मिटे, ते आकडे तारायंत्राने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यांवर पैजा लागत. उघडणारा तो 'ओपन', मिटणारा तो 'क्लोज'. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणे बंद झाले. वास्तविक खेळ तेथेच संपावयाचा. पण कापूस गेला तरी आकडा राहिला! १९६२ साली कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी दुसरा. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढीत, म्हणून नाव मटका. पुढे मडके जाऊन पत्त्यांचा जोड आला. तीन पाने काढावयाची, बेरीज करावयाची, बेरजेतला शेवटचा अंक घ्यावयाचा. दुर्री, पंजा, अठ्ठा निघाले की बेरीज पंधरा, म्हणून ओपन पाच. क्लोज पुन्हा तसाच. दोन्ही मिळून 'जोडी'.

'कल्याण' हे नाव कल्याण शहरावरून पडले असे भोरला पुष्कळांना वाटे. ते कल्याणजींवरून आलेले होते. कल्याणजींचा खेळ सातही दिवस चाले, रतन खत्रींचा सोमवार ते शनिवार. निदान एवढ्या बाबतीत तरी त्यांनी रविवार पाळला! शून्याला या मंडळींत 'मिंडी' म्हणत. गुजराती 'मींडुं' हा शब्द पुण्याचा घाट चढून नीरेकाठच्या टपरीत येऊन बसला होता आणि तो उच्चारणाऱ्या मावळ्यांना त्याचा काडीमात्र परकेपणा वाटत नव्हता.

भोर-वेल्ह्यात हा खेळ कोणी आणला असेल तर तो मुंबईच्या गिरण्यांनी. (वेल्हे तालुक्याला 'राजगड' नाव देण्यास २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, पण आमच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे.) रायरेश्वराच्या आणि तोरण्याच्या पायथ्याची भातखाचरे घरातल्या सर्वांना पुरत नसत. थोरल्याने शेत पाहावयाचे आणि धाकट्याने लालबाग-परळ गाठावयाचे हा रिवाज. त्या धाकट्यांनी गावाकडे मनीऑर्डरी पाठविल्या, लुगडी पाठविली आणि सुट्टीवर आले की आकडाही आणला.

आता माणसांकडे वळतो. चिठ्ठ्या लिहिणारा गृहस्थ चाळिशीचा, किडकिडीत, कानावर पेन्सिल. कार्बन घालून तो इतकी सुबक अक्षरे काढी की शाळेत मास्तर झाला असता तर मुलांचे भाग्य उजळले असते. दोन-तीनशे चिठ्ठ्या लिहून संध्याकाळी तो बेरीज तोंडी सांगे आणि ती चुकत नसे. हे आम्ही हिशेबनीस या नात्याने सांगतो. अधूनमधून पोलीस त्याला घेऊन जात. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा, कलम बारा-अ. दंड भरून तो परत येई आणि "आमची बारा-अ झाली" असे, लोक बारसे झाल्याचे सांगतात त्या सुरात सांगे.

नेमाने येणाऱ्यांत शिंपीमामा पहिले. ते रोज आठ आणे लावीत, कधी नऊ आणे नव्हे. त्या आठ आण्यांत त्यांना तासभर उभे राहावयाचा आणि गावातील प्रत्येक सोयरिकीवर मत देण्याचा हक्क मिळे. दुसरे दूधवाले. त्यांना स्वप्ने पडत आणि त्या स्वप्नांचा त्यांचा स्वतःचा कोश होता. साप दिसला तर सत्ता, विहीर दिसली तर मिंडी, सासरे दिसले तर त्या दिवशी आकडा लावावयाचाच नाही. तिसरे एक प्रतिष्ठित सद्गृहस्थ, ज्यांनी बारा वर्षांत टपरीची पायरी एकदाही चढली नाही. समोरच्या हॉटेलात चहा मागवून ते पोऱ्याला दोन बोटे दाखवीत. पोऱ्या दुर्री लावून येई. सगळ्या गावाला ठाऊक असलेले गुपित त्यांनी अखेरपर्यंत गुपितासारखे सांभाळले.

कल्याणचा क्लोज दिवेलागणीला फुटे. आकडा मुंबईहून फोनने पुण्याला आणि तेथून भोरला येई. मग तो वेल्ह्याला कसा जाई? शेवटच्या एस.टी.ने. कापूरहोळ, नसरापूर करीत गाडी निघे आणि थांब्या-थांब्यावर अंधारात उभा असलेला कोणीतरी विचारी, "काय आलं?" आतून कोणीतरी उत्तर देई, "चौका." एवढेच. ज्या गावात वर्तमानपत्र तिसऱ्या दिवशी पोहोचत असे तेथे हा चौका त्याच रात्री पोहोचत असे. ज्याने काही लावलेले नसे तोसुद्धा विचारी. तो आवाज अजूनही आमच्या कानात आहे, आणि मटक्याविषयी आम्हाला काही जिव्हाळा असेलच तर तो त्या आवाजापुरता.

आम्ही स्वतः कधी आकडा लावला नाही. त्यात शौर्य नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज-वजाबाकी केल्यावर संध्याकाळी पुन्हा तेच करण्याचे त्राण नसे, आणि हिशेब तर उघडाच होता. अंक दहा, बरोबर आला तर रुपयाला नऊ मिळत. जोड्या शंभर, रुपयाला नव्वद मिळत, कोठे त्याहूनही कमी. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे, कोणी जिंको वा हरो, सरासरीने वर जात. वर्षाला तीनशे दिवस रोज एक रुपया लावणाऱ्याचे तीस रुपये गेलेच म्हणावयाचे. हे आम्ही एकदा शिंपीमामांना कागदावर मांडून दाखविले. त्यांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, "साहेब, तीस रुपयांत वर्षभर एवढी माणसं कुठं भेटतात?" त्यांच्या आठ आण्यांपुरते त्यांचे खरे होते.

सर्वांचे तसे नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत भोर-वेल्ह्याच्या गावोगावी ट्रंका परत आल्या. तोरण्याच्या पायथ्याचा असाच एक कामगार भोरला भाताच्या गिरणीत हमालीला लागला. कापडाच्या गिरणीतून भाताच्या गिरणीत, असे तो स्वतःच हसून म्हणे. आठवडाभर तो भोरला राही आणि शनिवारी मजुरी घेऊन गावी जाई. त्याच्याजवळ शाळेच्या वहीत उतरवलेले कित्येक वर्षांचे जुने आकडे होते. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण कोणती जोडी किती दिवसांनी फिरून आली हे तो बोट ठेवून दाखवी. आकडे परत येतात असा त्याचा विश्वास होता. आम्हाला पुढे वाटू लागले की आकड्यांच्या नावाने तो गिरणीची वाट पाहत असावा. ते खरे की नाही, कोण जाणे! शनिवारची मजुरी मात्र हळूहळू टपरीतच राहू लागली.

एका शनिवारी त्याची पत्नी वेल्ह्याहून नसरापूरला आणि तेथून भोरला आली. काखेत लहान मूल. ती ओरडली नाही, रडली नाही. गोणपाटाच्या पडद्याबाहेर, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. आत येणाऱ्या पुरुषांना तिला ओलांडून जावे लागे आणि अर्धेअधिक माघारी फिरले. दूधवाले तर सायकलवरून उतरलेच नाहीत. शेवटी चिठ्ठीवालाच बाहेर आला.

"वहिनी, इथं उभ्या राहू नका."

"दादा, ह्यांचा आकडा घेऊ नका. मग मी कशाला उभी राहीन?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने कार्बनच्या वहीच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिले आणि म्हणाला, "जा. नाही घेणार."

त्याने शब्द पाळला. त्या माणसाने विनवण्या केल्या, एकदा शिव्याही दिल्या. पण चिठ्ठी लिहिली गेली नाही. काही शनिवार मजुरी घरी पोहोचली. मग त्याला नसरापूरला दुसरा चिठ्ठीवाला सापडला, ज्याला या शब्दाशी देणेघेणे नव्हते. ती बाई पुढे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडू लागली आणि पोरे तिने त्यावर वाढविली. टपरीच्या आठवणी निघाल्या की मंडळी शिंपीमामा आणि दूधवाल्यांची स्वप्ने हसत-हसत सांगतात. त्या शनिवारची गोष्ट सांगावयाला कोणी पुढे येत नाही. ती सांगितल्यावाचून टपरी पुरी होत नाही असे आम्हाला वाटते, म्हणून येथे लिहिली.

"ह्यांचा आकडा घेऊ नका" हे वाक्य मोठमोठ्या राज्यांनाही बोलावे लागले आहे. मोनॅकोच्या जगप्रसिद्ध कॅसिनोत मोनॅकोच्याच नागरिकांना खेळण्यास मनाई आहे. गोव्यातही १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत जुगारासाठी प्रवेश बंद करण्यात आला. आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा करून ठेवला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. इतकी वर्षे एक चिठ्ठी लिहून ठेवली आणि लावलीच नाही. शिंपीमामांना हे फार आवडले असते. दरम्यान १९६९ पासून राज्याची स्वतःची लॉटरी मात्र उजळ माथ्याने विकली जात होती, आणि चिठ्ठीवाला विचारी, "आमचा काय गुन्हा, साहेब? आमच्या चिठ्ठीवर छापील शिक्का नाही एवढाच ना?"

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, पॅरिशच्या सणाला मांडवात हाऊझी खेळतो तोही जुगारच. प्रश्न जुना आहे. क्रूसाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. प्रेषितांनीही मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने नशिबाचे खेळ मुळातच अन्यायाचे मानलेले नाहीत. माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेपुरतेही ते उरू देत नाहीत, तेव्हा ते त्याज्य ठरतात. त्या बाईने हा ग्रंथ वाचलेला नव्हता; तो तेव्हा निघालाही नव्हता. असो.

रतन खत्री मे २०२० मध्ये वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. १९७५ च्या 'धर्मात्मा' चित्रपटातील प्रेमनाथची भूमिका त्यांच्यावरून बेतली होती म्हणतात. भोरचा चिठ्ठीवाला त्याआधीच गेला. त्याच्या बातमीला दोन ओळीही मिळाल्या नाहीत. टपरीच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. जुगार त्या दुकानात नाही. तो गिऱ्हाइकांच्या खिशात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. त्याआधीच्या काही वर्षांत आमच्या परिचयातील एका घरचा तरुण मुलगा रात्री पांघरुणात तोंड घालून लाखभर रुपये घालवून बसला आणि शेजारच्या खाटेवरच्या आईला तीन महिने पत्ता नव्हता. तिने कोणत्या पडद्याबाहेर उभे राहावयाचे होते?

शिंपीमामा हयात आहेत. नव्वदीला टेकले आहेत, यंत्रावर नातू बसतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही भोरला गेलो तेव्हा राजवाड्याकडून चालत त्यांच्याकडे गेलो. कोठेतरी कल्याण अजून चालतो, पोलिसांच्या धाडीही चालतात. आता आठ आण्यांचे नाणे कोणी घेत नाही आणि दहा रुपयांखाली चिठ्ठी लिहीत नाहीत, म्हणून मामांनी खेळणे सोडले. दिवेलागणीला त्यांनी नातवाला विचारले, "काय आलं रे?" त्याने मोबाइलमध्ये पाहून सांगितले, "मिंडी." मामांनी मान हलविली आणि आमच्यासाठी चहा सांगितला.