शाळेची किल्ली

पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ सालची संक्रांत आठवते. त्या भूमीवर १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन लढाया झाल्या, हे आपण शाळेतच शिकतो. चौथी लढाई मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी पानिपत जिल्ह्यात संपूर्ण साक्षरता अभियान चालले, त्याचे नावच होते 'पानीपत की चौथी लडाई'. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली स्थापन झाले होते. जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी साक्षरता समितीचे अध्यक्ष आणि शिकवणारे विनावेतन स्वयंसेवक, अशी त्या काळच्या अभियानांची रचना होती.

अशा अभियानात पहिला प्रश्न येतो तो जागेचा. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी बसणार कुठे? हरियाणातील चौपाल ही परंपरेने पुरुषांची बैठक. साक्षरता वर्गांना येणाऱ्यांत तर बायकाच अधिक. देवळाला जातीधर्माची कुंपणे असतात. बाईने पाटी घेऊन जावे आणि 'कुठे निघालीस?' असे कोणी विचारू नये, अशी सार्वजनिक वास्तू गावात एकच, ती म्हणजे शाळा. आणि नेमकी तीच त्या वेळी कुलूपबंद असते.

थोडा हिशेब मांडून पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन व्हावे, सहावी ते आठवीसाठी १,०००. वर्षाचे एकूण तास ८,७६०. रात्रीचे आठ तास वगळले तरी ५,८४० उरतात. म्हणजे करदात्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या वर्गखोलीत, माणसे जागी असतात त्या वेळेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी काळ अध्यापन होते.

शासनाला गरज पडली की शाळा उघडते. निवडणुकीसाठी जागा अधिग्रहित करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १६० ने दिलेला आहे. पूर आला की शाळेत निवारा होतो. २०२० साली मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांचे विलगीकरण आपल्या जिल्हा परिषद शाळांतच झाले. मुंबईतील रात्रशाळा तर कित्येक वर्षे दिवसाच्या शाळांच्याच इमारतींत भरत आल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शाळेच्या वेळेबाहेर इमारत 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून वापरावी असे सुचविले आहे. मग अडते कुठे?

अडते किल्लीपाशी. माझ्या सेवाकाळात एका मुख्याध्यापकांनी गावातील तरुणांच्या अभ्यासिकेला वर्ग देण्यास नकार दिला. त्यांना बोलावून घेतले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, सकाळी नळ तुटलेला असला, तर चौकशी माझी होणार. वीजबिल कशातून भरू? आणि रात्री कुलूप लावायला मी आठ किलोमीटरवरून येऊ का?" त्यांच्या एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्या फाइलीत नव्हते. फाइलीत 'सहकार्य करावे' एवढेच होते. प्रशासनात 'सहकार्य करावे' याचा अर्थ पुष्कळदा 'जबाबदारी तुमची, पैसे कोणाचेच नाहीत' असा होतो.

कायदाही मुख्याध्यापकांच्याच बाजूने आहे. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना शिक्षणेतर कामाला जुंपता येत नाही. तेव्हा शाळा खुली करायची ती शिक्षकाला पहारेकरी न बनवता. त्या गावी आम्ही तसेच केले. दोन खोल्या, एक स्वच्छतागृह आणि मैदान एवढाच भाग वेगळा काढला. विजेसाठी स्वतंत्र मीटर बसविला. गावातल्याच एका व्यक्तीला ग्रामपंचायतीकडून मानधन देऊन किल्ली व नोंदवही सोपविली. सकाळी शाळा भरण्यापूर्वी खोल्या झाडून द्यायच्या, ही अट लेखी घातली. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी संमती दिली.

वापराची परवानगी कोणी द्यावी, हाही प्रश्न आहेच. तो अधिकार एकट्या सरपंचाकडे गेला, तर शाळा एका गटाची होते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदा सांगतो. माझ्या मते निर्णय या समितीनेच, सर्वांना लागू होणाऱ्या लेखी नियमांनी घ्यावा. पक्षाची सभा आणि लग्नाची पंगत या दोन्हींना त्यात जागा नसावी.

आजचे पानिपत हातमागाचे, यंत्रमागाचे आणि जुन्या कपड्यांपासून धागा काढणाऱ्या गिरण्यांचे शहर आहे. परप्रांतांतून आलेली कितीतरी कुटुंबे तिथे भाड्याच्या एकाच खोलीत राहतात. त्या खोलीत स्वयंपाक चालू असताना दहावीच्या मुलीने पुस्तक कुठे उघडायचे? भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगावातही हाच प्रश्न आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२-२७ या काळाकरिता आखलेल्या 'उल्लास' कार्यक्रमालाही संध्याकाळी बसायला जागा लागतेच. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. एक मीटर, एक मानधन आणि लेखी नियमांचे एक पान, एवढी तरतूद जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात सहज बसते. ती करून मगच परिपत्रक काढावे.