ज्ञानकोशात कोणाचे नाव?

गेल्या वर्षी पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी, टोरांटोहून दूरध्वनी आला. पलीकडे माझ्या पहिल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची कन्या होती. साहेबांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. तिने इंग्रजी विकिपीडियावर वडिलांचे चरित्र लिहिले होते आणि तेथील कोणा संपादकाने तो लेख वगळण्याचा प्रस्ताव मांडला होता. "काका, सात दिवस चर्चा चालते म्हणे. तुम्ही बाबांच्या हाताखाली काम केलं आहे. 'लेख राहू द्यावा' एवढं लिहा ना." मी तत्काळ होकार दिला. त्या एका वाक्यासाठी पुढचे सहा दिवस अस्वस्थतेत जातील, याची तेव्हा कल्पना नव्हती.

साहेबांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस मी बेंगळुरूच्या एका केंद्रीय कार्यालयात रुजू झालो, तेव्हा ते तेथे प्रमुख होते. निवृत्तिवेतनाची प्रकरणे आमच्याकडे तपासणीस येत. एखाद्या विधवेचा अर्ज स्वाक्षरी जुळत नाही म्हणून परत जाई; ती दुरुस्त होऊन आला की वयाचा दाखला नाही म्हणून पुन्हा परत जाई. प्रत्येक आक्षेप नियमाला धरूनच असे, आणि तरीही वर्ष निघून जाई. साहेबांनी एक परिपत्रक काढले. प्रकरण एकदाच संपूर्ण तपासावे, सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवाव्यात, आणि दुसऱ्यांदा नवी त्रुटी काढायची असल्यास ती पहिल्यांदा का दिसली नाही याचे कारण संबंधित लिपिकाने स्वतःच्या सहीने नोंदवावे. बस्स, एवढेच. दीड वर्षात त्या शाखेतला कागदांचा ढीग ओसरला. परिपत्रकावर सही होती शाखा अधिकाऱ्याची. साहेबांचे नाव त्यात कोठेही नव्हते.

त्या रात्री मी विकिपीडियाचे नियम वाचावयास बसलो. नियम वाचण्याची आम्हां लोकांना सवयच असते. तेथील मुख्य कसोटी थोडक्यात अशी आहे: ज्या व्यक्तीवर लेख लिहायचा, तिच्याविषयी तिच्याशी संबंध नसलेल्या विश्वसनीय साधनांत पुरेसे सविस्तर लेखन झालेले असले पाहिजे. व्यक्ती चांगली होती का, कर्तबगार होती का, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. संसदेचा वा विधिमंडळाचा सदस्य झालेल्या व्यक्तीची पात्रता सर्वसाधारणपणे गृहीत धरली जाते. सनदी अधिकाऱ्याला केवळ पदामुळे तशी सवलत नाही. चर्चेचा निर्णयही मतांच्या संख्येवर नव्हे, तर मुद्द्यांच्या वजनावर होतो, आणि ओळखीच्या लोकांना मते द्यावयास बोलावणे तेथे गैर समजले जाते. म्हणजे मला आलेला दूरध्वनीच मुळात नियमबाह्य होता!

कन्येने दिलेले आधार मी एकेक करून तपासले. बदल्यांच्या बातम्यांतील एकेक ओळ, निरोपसमारंभाचे छायाचित्र, आणि कुटुंबानेच वृत्तपत्रात दिलेली निधनवार्ता. हेच कागद एखाद्या प्रकरणात माझ्यापुढे आले असते, तर मी कोणता शेरा मारला असता, हे मला पुरते ठाऊक होते.

प्रथम राग आला. एकदा निवडून आलेल्या आमदाराला जागा आणि तीस-पस्तीस वर्षे राज्यशकट हाकणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास कब्बन पार्कात गेलो, तेव्हाही हाच विचार डोक्यात होता. बेंगळुरूकर वाचकांना हे उद्यान ठाऊकच आहे. 1870 साली ते तयार झाले, तेव्हा त्याला तत्कालीन प्रभारी आयुक्त जॉन मीड यांचे नाव दिले गेले. पुढे 1834 ते 1861 अशी सत्तावीस वर्षे म्हैसूरचे आयुक्त असलेल्या मार्क कब्बन यांचे नाव रूढ झाले. 1927 मध्ये त्याचे अधिकृत नामकरण श्री चामराजेंद्र उद्यान असे झाले. आज रिक्षावाल्याला चामराजेंद्र उद्यान म्हणून पाहा! सरकारने राजपत्रात नाव घातले म्हणून ते टिकत नाही, आणि काढले म्हणून पुसलेही जात नाही. नाव ठरविणारे नेहमी तिसरेच कोणीतरी असतात. विकिपीडियाचा नियम तरी याहून वेगळे काय सांगतो?

मग माझ्याच व्यवसायाचे नियम आठवले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 77 प्रमाणे केंद्र सरकारची प्रत्येक शासकीय कृती राष्ट्रपतींच्या नावे होते. आमच्या 1964च्या आचरण नियमांतील चौदावा नियम तर सांगतो की, सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्मचाऱ्याने आपल्या सन्मानार्थ मानपत्र स्वीकारू नये अथवा तशा सभेला उपस्थित राहू नये. खासगी, अनौपचारिक निरोपाची तेवढी मुभा आहे. साहेबांचा निरोप इडली-वडा आणि कॉफीवर झाला होता, तो याच मुभेत. निवडून आलेला मनुष्य स्वतःच्या नावाने मते मागतो आणि स्वतःच्या नावाने शिव्याही खातो. आम्ही दुसऱ्याच्या नावाने काम करतो, चुकांतही त्याच नावाची ढाल वापरतो, आणि मग निवृत्तीनंतर स्वतःचे नाव हवे म्हणतो. यात काहीतरी विसंगती आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. कीर्ती हाही एक मोबदलाच आहे, आणि ज्या कामाला मोबदला मिळतो त्याच कामाचा पुरवठा वाढतो. दिसणाऱ्या कामाला कीर्ती मिळते. टळलेल्या संकटाला मिळत नाही. 1972-73च्या महाराष्ट्रातील भीषण दुष्काळात, मे 1973 मध्ये, सुमारे 50 लाख माणसे सरकारी मदतकामांवर राबत होती. भूकबळींचे फार मोठे अरिष्ट टळले, आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा सखोल अभ्यास केला. ती हजेरीपटाची, मजुरीची, धान्याची व्यवस्था गावोगाव सांभाळणाऱ्या तहसीलदारांची आणि ओव्हरसियरांची नावे आज कोण सांगू शकेल? पण ज्ञानकोशातील चरित्र हे अधिकाऱ्याचे पदक ठरले, तर पुढचा अधिकारी हजेरीपट तपासण्याऐवजी छायाचित्रकार शोधील. कोशाचा कठोरपणा या बाबतीत प्रशासनाच्या हिताचाच आहे.

मग अधिकाऱ्यांची चरित्रे कोशात असूच नयेत काय? तसे नाही. चिंतामणराव देशमुख आय.सी.एस. होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री. त्यांच्याविषयी प्रश्नच उद्भवत नाही. मला अधिक बोलके वाटते ते सुकुमार सेन यांचे उदाहरण. हे देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. 1951-52 मध्ये सतरा कोटींहून अधिक मतदारांची निवडणूक त्यांनी पार पाडली. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. मागे ठेवला तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल. सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेच सांगितले होते, ही गोष्ट त्या निवडणुकीच्या दप्तरात नोंदलेली आहे. काम लिहून ठेवलेले होते, म्हणून पुढे इतिहासकारांना ते सापडले, आणि कामामागोमाग माणूसही सापडला.

आमच्या साहेबांचे काम कोणी लिहिले होते? मी कार्यालयात चौकशी केली. त्या परिपत्रकाची फाईल 'क' वर्गात होती. या वर्गातील कागद फार तर दहा वर्षे जपतात. ती केव्हाच नष्ट झाली होती, आणि अगदी नियमानुसार.

सहाव्या दिवशी मी टोरांटोला दूरध्वनी केला. "मी त्या चर्चेत काही लिहिणार नाही," असे सांगितले. मी त्यांचा कनिष्ठ, म्हणजे तटस्थ नव्हे. आणि तटस्थ असतो, तर लेख वगळावा असेच लिहावे लागले असते. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "म्हणजे बाबांनी काहीच केलं नाही, असं ना?"

ह्या प्रश्नाला नियमांत उत्तर नव्हते. "केलं गं," मी म्हटले, "पण ते कोणी लिहून ठेवलं नाही. आणि न लिहिणाऱ्यांत पहिला मी." तिने फोन ठेवला. दोन दिवसांनी लेख वगळला गेला.

मराठीला कोशांची परंपरा मोठी आहे. केतकरांचा ज्ञानकोश आहे; चित्रावशास्त्र्यांनी 1932 पासून 1946 पर्यंत तीन खंडांत चरित्रकोश सिद्ध केला. पण कोशकाराला आधी कोणीतरी लिहिलेले लागते. आपल्याकडे मंत्र्यांचे गौरवग्रंथ निघतात, अधिकाऱ्यांच्या आठवणीही निघतात. एखादी शाखा कशी सुधारली, कोणत्या युक्तीने, कोणाच्या विरोधाला न जुमानता, हे मात्र कोणी लिहीत नाही. उणीव कोशाची नाही, ती आपली आहे.

दिवाळीच्या सुमारास मी आमच्या जुन्या हेडक्लार्कांना भेटावयास गेलो. वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरण शाबूत. त्यांनी ट्रंकेतून एक पिवळा कागद काढला. त्या परिपत्रकाच्या कार्यालयीन प्रतीची ती छायाप्रत होती. समासात, मंजुरीच्या जागी, साहेबांची दोन आद्याक्षरे. मी तिचे छायाचित्र टोरांटोला पाठविले. रात्री उत्तर आले: "हे बाबांचंच अक्षर. काका, ते परिपत्रक होतं कशाबद्दल, मला नीट समजावून सांगाल?"

तेव्हापासून मी त्या शाखेची हकीकत लिहितो आहे. पहिल्या मसुद्यावर तिने बावीस प्रश्न काढले, सगळे एकाच पत्रात. माझे लेखन कोशाच्या दृष्टीने स्वतंत्र साधन ठरणार नाही, हे मी जाणतो. तरी ते पूर्ण झाले की आम्हां दोघांना न ओळखणाऱ्या एखाद्या संपादकाकडे पाठवीन. छापावयाचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. पुढे कोणा अभ्यासकाला त्याचा उपयोग झाला, तर कोशात काय घालावयाचे ते कोश पाहून घेईल.