आल्यागेल्याची नोंद

पाहुणा दारात उभा राहिला की घरातल्यांनी काय करायचं, याचे नियम प्रत्येक घरात ठरलेले असतात. ते कुठे लिहिलेले नसतात, पण त्यांचा अंमल मात्र कडक असतो. व्याही आले की काचेच्या कपाटातल्या बशा बाहेर निघतात. शेजारचे काका आले की पेपर बाहेर निघतो, कारण ते पेपर वाचायलाच आलेले असतात. विमा एजंट आला की "हे बाहेर गेलेत" असं सांगितलं जातं आणि 'हे' आतल्या खोलीत शिंक दाबून बसतात. माहेरचं माणूस आलं तर पोहे, सासरचं आलं तर चहा. (या शेवटच्या नियमावरचं माझं अपील लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पडून आहे.) सांगायचा मुद्दा असा, की बेल वाजल्यावर कुणी सभा भरवून ठराव करत नाही. 'अमुक आला तर तमुक करा' हे आधीच ठरलेलं असतं.

कॉम्प्युटरच्या घरातही नेमकं हेच चालतं, हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. हा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. आमच्या वेळी मुलं रेल्वेत असत, बँकेत असत. हल्ली कॉम्प्युटरमध्ये असतात. त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिलं आहे. पेनड्राइव्ह खोचला की पडद्यावर खिडकी उघडते, माऊस जोडला की बाण पळायला लागतो. मी म्हटलं, "आपोआप होतं हो सगळं!"

"मामा, आपोआप काही होत नसतं," तो म्हणाला. "कुणीतरी आधी नियम लिहून ठेवलेला असतो."

"हे मी चाळीस वर्षं सांगतेय!" स्वयंपाकघरातून आवाज आला. तिथे माझा चहा आपोआप होत होता.

हे लिनक्स युनिक्सच्या कुळातलं. युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची या जोडीने सुरू केलं. त्या घराण्याची एक रीत अशी, की जोडलेली प्रत्येक वस्तू ही एक फाइलच मानायची. डिस्क ही फाइल, कीबोर्ड ही फाइल, प्रिंटर हीसुद्धा फाइल. या सगळ्यांची नावं 'डेव्ह' नावाच्या एका फोल्डरात मांडलेली असतात. पूर्वी पंचाईत अशी होती, की पुढेमागे कोण येईल याचा नेम नाही म्हणून सगळ्या संभाव्य पाहुण्यांची नावं आधीच मांडून ठेवत. २००३ साली आलेल्या रेड हॅट लिनक्स ९ मध्ये अशी १८ हजारांहून जास्त नावं होती. मशीनला प्रत्यक्षात जोडलेल्या वस्तू मूठभर! म्हणजे पंगतीला पंधरा माणसं यायची आणि पाट मांडायचे १८ हजार.

त्याच २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन नावाच्या गृहस्थाने 'यूडेव्ह' आणलं. पाहुणा आला की त्याचा पाट मांडायचा, गेला की उचलायचा, इतकी साधी गोष्ट. २०१२ साली हे यूडेव्ह 'सिस्टिमडी' नावाच्या मोठ्या एकत्र कुटुंबात सामील झालं आणि बहुतेक ठिकाणी अजून तिथेच नांदतंय.

त्याची कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मशीनच्या गाभ्यात एक कर्नल असतो. हा सैन्यातला नव्हे. बदामाच्या आत गर असतो तसा हा कार्यप्रणालीचा गर. पण सवय सैन्यातलीच. वायर खोचली की तो आतून ओरडतो, "यूएसबीच्या दारात कुणीतरी आलंय! अमक्या कंपनीचं आहे! अमका नंबर आहे!" एवढं ओरडून तो आपल्या कामाला लागतो. यूडेव्ह ते ऐकतं आणि नियमांची चोपडी उघडतं.

ही चोपडी असते 'एटसी' फोल्डरातल्या 'यूडेव्ह' फोल्डराच्या पोटातल्या 'रूल्स-डॉट-डी' या फोल्डरात. आमच्या आजीची पैशांची पुरचुंडी अशीच डब्यातल्या डब्यातल्या डब्यात असायची. नियमांच्या फाइलींच्या नावाआधी आकडे घालायची प्रथा आहे, कारण नावांच्या क्रमानेच त्या वाचल्या जातात: साठवाली आधी, सत्तरवाली नंतर. लिनक्सबरोबर आलेले नियम वेगळ्या फोल्डरात असतात. पण त्याच नावाची फाइल तुम्ही एटसीत ठेवलीत, तर तुमची चालते आणि बाहेरून आलेली बाजूला पडते. मसाल्याच्या पाकिटावरच्या कृतीचं आमच्या घरात जे होतं तेच.

नियम एका ओळीचा. आधी अटी, मग काम. अटीत बरोबरची दोन चिन्हं जोडून लिहायची आणि कामात एकच. मी म्हटलं, एका चिन्हाने असा काय मोठा फरक पडतो? भाचा म्हणाला, "'तू गोविंद आहेस का?' आणि 'आजपासून तू गोविंद!' यात जेवढा पडतो तेवढा." दोन चिन्हं म्हणजे चौकशी, एक चिन्ह म्हणजे बारसं. चौकशीच्या जागी बारसं उरकलं की काय गोंधळ होतो, हे नात्यात जुळी मुलं असलेल्यांना सांगायला नको.

आता, निवृत्त माणसाने हे सगळं इतकं मन लावून का ऐकावं? त्याला कारण आमच्या आईच्या ओव्या.

आई जात्यावर बसली की गात असे. पुढे घरात जातं राहिलं नाही, पण ओव्या राहिल्या. १९८६ साली आमच्या अक्काने टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्या भरून घेतल्या. अकरा कॅसेटी झाल्या. प्रत्येक ओवीआधी आई त्या यंत्राकडे बघून विचारायची, "याला ऐकू येतंय ना?" आता आई नाही. कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा भाच्याने त्या वेळेवर कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या. म्हणजे आता अकराच्या अकरा कॅसेटी एका लॅपटॉपमधल्या एका डिस्कवर आहेत. आणि डिस्क ही वस्तू, डॉक्टर सांगतात त्या हृदयासारखी, काल ठणठणीत असते.

"एकाच ठिकाणी असलेली गोष्ट म्हणजे नसलेलीच गोष्ट," असं म्हणून भाच्याने दुसरी डिस्क आणली. तिच्यावर दर आठवड्याला प्रत निघाली पाहिजे. परंतु नेमाने प्रत काढणं हे सकाळी लवकर उठणं, रोजनिशी लिहिणं आणि योगासनं करणं यांच्या जातकुळीतलं काम आहे. मनुष्यजात ते रविवारी करते. फक्त कुठल्या रविवारी ते सांगत नाही. शिवाय ओव्यांची मालकी अक्काकडे. अक्का ७८ वर्षांची आहे. तिला वायर खोचता येते. त्यापुढचं तिला काहीही विचारायचं नाही, अशी तिचीच अट होती. तेव्हा ठरलं असं, की अक्काने वायर खोचावी आणि प्रत निघावी.

पहिला प्रश्न ओळखीचा. डिस्क दारात आली, पण ती हीच हे ओळखायचं कसं? लिनक्स डिस्कांना नावं देतं ती आल्याच्या क्रमाने: पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. एसटीत बसणाऱ्याचा सीट नंबर असतो तशातलं हे. आज बी वर आमची डिस्क बसली. उद्या कुणाच्या मुंजीचे फोटो घेऊन आलेला पेनड्राइव्ह आधी येऊन बी वर बसला, तर आईच्या ओव्या बटूच्या फोटोंवर जाऊन पडायच्या. म्हणून जागेवरून ओळखायचं नाही, खुणेवरून ओळखायचं. प्रत्येक वस्तू कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि बऱ्याचदा स्वतःचा अनुक्रमांकही सांगते. काही स्वस्त माल अनुक्रमांक सांगतच नाही, किंवा एका साच्यातून काढलेल्या गणपतींसारखा सगळ्यांचा एकच सांगतो. त्यावर तोड म्हणून डिस्क फॉरमॅट करताना तिला जी लांबलचक यूयूआयडी मिळते, ती धरायची. ही तिची जन्मखूण.

दुसरा प्रश्न गर्दीचा. 'यूडेव्हएडीएम मॉनिटर' अशी एक आज्ञा आहे. ती दिली की दारातली प्रत्येक आरोळी पडद्यावर उमटते. भाच्याने ती दिली आणि एकच डिस्क खोचली, तर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. यूएसबीची वस्तू आली, तिचा जोड आला, डिस्क आली, डिस्कवरचा भाग आला! आमच्या मामी यायच्या तेव्हा असंच व्हायचं. टांगा आला, ट्रंक आली, वळकटी आली, लोणच्याची बरणी आली, आणि प्रत्येक गोष्टीची आरोळी वेगळी. 'यूएसबीवर काहीही आलं की प्रत काढ' असा ढोबळ नियम लिहिला असता, तर एकाच वेळी पाच-सात प्रती निघायला बसल्या असत्या. म्हणून अटी आवळायच्या: नुसतं 'आलं' नव्हे, तर 'डिस्कवरचा भाग आला, आणि त्याची जन्मखूण हीच आहे'.

तिसरा प्रश्न कामाचा. यूडेव्ह हे दार उघडणारं पोर आहे. पाहुण्याला पाणी दे म्हटलं तर देईल. पण त्याच पावली गिरणीतून दळण आणायला ते जात नाही. नियमातून लांबलचक काम सुरू केलं, तर दाराचं काम आटोपताच त्या कामाचा गळा घोटला जातो, तोही काही न सांगता. म्हणून नियमाने फक्त सिस्टिमडीकडे चिठ्ठी टाकायची, 'ओव्यांची प्रत काढायला घ्या.' मग ते काम आपल्या सवडीने चालतं: डिस्क जोडून घ्यायची, बदललेल्या फाइली तेवढ्या उतरवायच्या आणि डिस्क नीट मोकळी करायची.

इथपर्यंत सगळं ऐकून सौ. बाहेर आली आणि तिने चौथा प्रश्न विचारला. "म्हणजे कुणीही येऊन वायर खोचली की घर कामाला लागणार?"

भाचा एकदम सरळ बसला. "मामी, जगाला हा प्रश्न फार उशिरा सुचला!"

गोष्ट खरी आहे. विंडोजमध्ये 'ऑटोरन' नावाची सोय होती. पाहुण्याच्या डिस्कवर लिहिलेला कार्यक्रम यजमान स्वतःच सुरू करून द्यायचा. म्हणजे आलेल्यानेच सांगायचं, आता तिजोरी उघडा. २००८ साली कॉन्फिकर नावाची कीड जगभर पसरली. तिच्या वाटांपैकी एक ही होती. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही पेनड्राइव्हपुरती ती सोय बंद करणारी दुरुस्ती पाठवली. पुढे २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत आणखी वरची पायरी दाखवली. आतली करामत बदललेला पेनड्राइव्ह दारात येऊन सांगतो, "मी कीबोर्ड!" आणि खुशाल आज्ञा टाइप करू लागतो. सोंग रावणानेही घेतलं होतं, पण निदान भिक्षा मागण्याएवढा वेळ तरी काढला होता.

म्हणून आमच्या नियमात दोन गोष्टी पक्क्या केल्या. चालेल तो आपला कार्यक्रम, पाहुण्याचा कधीही नाही. आणि ओळख पटली नाही तर काहीच करायचं नाही. खूण नक्कल करता येते, तेव्हा ती ओळखीपुरतीच मानायची. कुलपाची जागा तिला द्यायची नाही. ज्यांना कुलूपच हवं त्यांच्यासाठी 'यूएसबीगार्ड' नावाचा वेगळा राखणदार लिनक्सवर मिळतो.

युनिक्सच्या इतर भाऊबंदांकडेही आल्यागेल्याची व्यवस्था आहे. फ्रीबीएसडीकडे 'डेव्हडी' आहे. त्यात जो कुणालाच ओळखू येत नाही अशासाठी 'नोमॅच' नावाचं खास कलम आहे. पत्रिका जुळत नाही असं कळवण्याची ही आंतरराष्ट्रीय पद्धत दिसते. ओपनबीएसडीचं 'हॉटप्लगडी' सगळ्यात मितभाषी: दोनच कागद, एक आल्यावर वाचायचा, एक गेल्यावर. हे नक्की पुण्याकडचं असावं.

मला मात्र गेल्यावरचाच नियम मनात राहिला. डिस्क काढून घेतल्यावर तारीख टिपून ठेवायची, एवढंच भाच्याला हवं होतं. पण वस्तू निघून गेली की तिला अनुक्रमांक विचारता येत नाही. उत्तर द्यायला ती असतेच कुठे? यूडेव्ह यासाठी स्वतःची वही ठेवतं. वस्तू दारात असताना जे टिपून घेतलं, त्यावरूनच ती गेल्यावर ओळखायचं. वहीत नसेल ते गेलं.

अक्काने १९८६ साली जे केलं ते याहून वेगळं नव्हतं. अकरा कॅसेटींत आलं तेवढं आमच्याकडे आहे. बाकीच्या ओव्या आता कुणाला विचारायच्या?

सध्या अक्का दर शनिवारी वायर खोचते, चष्मा पुसते, आणि दिवा लुकलुकायचा थांबला की वायर काढते. प्रत निघालेली असते. सातव्या कॅसेटीत एका ओवीच्या मध्येच दाराची कडी वाजते. आई थांबते आणि म्हणते, "आधी कोण आहे ते विचार गं. मग दार उघड." आणि ओवी पुढे सुरू होते. हे वाक्य आता दोन डिस्कांवर आहे.