सातासमुद्रापार गेलेले मुंगूस

इंग्रजी कोशांत ‘मॉन्गूस’ या शब्दापुढे व्युत्पत्तीच्या कंसात बहुधा मराठीचे नाव आढळते. रत्नागिरीत जांभ्याच्या गडग्यालगत सरपटत जाणारे, मध्येच मागच्या पायांवर उभे राहून टेहळणी करणारे आणि माणसाची चाहूल लागताच करवंदीच्या जाळीत शिरणारे मुंगूस ते हेच. त्याच्या प्रत्येक केसावर फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक असतात, म्हणून दुरून ते नुसते करडे दिसते. रागावले की केस फुलवून आहे त्याच्या दुप्पट होते. कोंबडीचे अंडे सापडले तर ते मागच्या पायांमधून दगडावर भिरकावून फोडते. कोकणात त्याचे तोंड दिसणे शुभ मानतात, आणि ते पाठ फिरवून पळू लागले की मुले त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. मुंगूस क्वचित ऐकते.

इंग्रजीत हा शब्द छापून आला तो १६९८ साली. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७२ मध्ये इंग्लंडहून निघाला, मुंबई, जुन्नर, कारवार असा हिंडला आणि परतल्यावर त्याने आपले प्रवासवर्णन लंडनला प्रसिद्ध केले. इंग्रजांना त्यापूर्वीही हा प्राणी दिसत असणारच, कारण रत्नागिरीच्या दक्षिणेला राजापुरात त्यांची वखार होती. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी तिच्यावर छापा घालून तिथल्या इंग्रजांना कैद केले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी इंग्रजांचे मुख्य ठाणे सुरतेला होते, आणि गुजराती माणूस या प्राण्याला ‘नोळियो’ म्हणतो. हिंदीत तो ‘नेवला’. ही दोन्ही नावे संस्कृत ‘नकुल’पासून झिजत आलेली. म्हणजे साहेबाने शब्द सुरतेत किंवा आग्र्यात उचलला असता तर इंग्रजी मुले आज वेगळेच काही म्हणत असती. ‘मुंगूस’ सुरतेचे नव्हे, तिच्या दक्षिणेचे. चौलपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज इंग्रजांच्या शंभर वर्षे आधीपासून वावरत होते, आणि फ्रेंचांचे ‘मांगूस्त’ त्यांच्याच तोंडून गेले असे मानतात.

मात्र मराठीने फार मिरवू नये. कन्नडमध्ये हा प्राणी ‘मुंगुसी’ आहे, तेलुगूत ‘मुंगिस’; शब्दाचे मूळ द्राविडी, आणि मराठीने तो शेजारधर्माने घेतलेला. संस्कृतातला नकुल मराठीत राहिला तो पोथीत आणि कथेत: पांडवांतला चौथा भाऊ, बाळाला वाचवूनही ब्राह्मणीच्या हातून मारला गेलेला पंचतंत्रातला बिचारा, अश्वमेधाच्या मंडपात लोळूनही अर्धेच अंग सोन्याचे राहिलेला महाभारतातला चमत्कारिक प्राणी. परसात कोंबड्यांवर डोळा ठेवणारे ते मात्र मुंगूसच.

इंग्रजीत गेल्यावर शब्दाला एक शेपूट चिकटले. अनोळखी उच्चाराला ओळखीचे रूप देण्याची त्या भाषेला खोड आहे, म्हणून शेवटच्या अक्षरांचे स्पेलिंग ‘गूस’, म्हणजे राजहंसासारख्या पक्ष्याचे झाले. पक्ष्याशी संबंध काहीच नाही. तरी अनेकवचन करताना भले भले अडखळतात: ‘गूस’चे ‘गीस’, मग मॉन्गूसचे? कोश ‘मॉन्गूसेस’ सांगतात. गंमत अशी की तो इंग्रजी ‘गूस’ आणि संस्कृत ‘हंस’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत, तेव्हा मुंगसाच्या शेपटाला एक हिंदुस्थानी नाते अपघातानेच लाभले.

मुंगूस सापाशी झुंजताना एखादी मुळी खाते, हा समज कोकणात आहे तसा दक्षिणेतही. युरोपीय वैद्यांनी तो मनावर घेतला आणि लिनिअसने एका वनस्पतीचे नावच ‘ओफिओर्‍हायझा मुंगोस’ ठेवले. खरे कारण मुळीत नाही. मुंगसाच्या स्नायूंमधल्या ग्राहक प्रथिनाची घडण किंचित निराळी असते, त्यामुळे नागाच्या विषातला लुळेपणा आणणारा घटक तिथे नीट चिकटत नाही. पूर्ण संरक्षण तेही नव्हे. बाकीचे काम चपळाई आणि फुललेले केस करतात.

१८९४ मध्ये किपलिंगच्या ‘द जंगल बुक’मधल्या रिक्की-टिक्की-टावीने हा शब्द इंग्रजी घराघरांत नेला. त्याच्या आधीच जिवंत मुंगसे बोटीवर चढली होती. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला १८७२ मध्ये एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली. १८८३ मध्ये तिथून त्यांची पिलावळ हवाईत पोहोचली. ही जात रत्नागिरीतल्या नेहमीच्या करड्या मुंगसाहून लहान. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठ बेतानेच पडली आणि भोवले ते जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना. अमेरिकेने १९०० च्या लेसी कायद्यात मुंगसाच्या आयातीवर बंदी घातली. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये सोडलेली मुंगसे पूर्ण संपल्याचे सरकारने जाहीर केले ते २०२४ साली. भारतात उलट काळजी आहे: रंगाच्या ब्रशांसाठी त्याच्या केसांची चोरटी विक्री होते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

शास्त्रीय नावांत तर शब्द प्राण्याला सोडूनच गेला. ‘मुंगोस’ ही प्रजाती आज आफ्रिकेतल्या जातींना धरून आहे. तिथल्या पट्टेरी मुंगसाचे नाव ‘मुंगोस मुंगो’. कोकणातले करडे मुंगूस आधी ‘हर्पेस्टिस’ या ग्रीक नावाखाली होते, आणि अलीकडच्या वर्गीकरणात ते ‘उर्वा’ प्रजातीत गेले आहे. हे नाव निसर्गअभ्यासक हॉजसनने नेपाळातल्या खेकडे खाणाऱ्या मुंगसासाठी योजले होते.